कोट घालून बसलेला राजा

१४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप आईंना सुनेचा नमस्कार,

गुडघा कसा आहे? उगाच जिना चढउतर करू नका, सांगून ठेवते. इकडे स्वयंपाकघरातला नळ गळायचा एकदाचा थांबला. तुमचे चिरंजीव खातायत, पितायत, झोपतायत. हं, बोलणं जरा कमी आहे.

शेवटच्या फेरीचा निकाल त्यानं तुम्हाला सांगितला नसेलच. तुम्ही म्हणाला होतात, "तुम्हीच समोरासमोर आलात ना? मग नेहमीसारखं बरोबरीत मिटवा आणि घरी जाऊन जेवा." खरंय. लग्न झाल्यापासून आम्ही पटावर बसलो की त्याच चाली आणि तीच बरोबरी. बाकीचे ग्रँडमास्टर आमची थट्टा करतात. पण आई, या वेळी बरोबरी म्हणजे जगज्जेतेपदाच्या निवड स्पर्धेला तो जाणार आणि मी घरी. तो दोनदा जाऊन आलाय. मी एकदाही नाही.

तुमचा लेक कोट चढवूनच बसला होता, लगेच निघायचंय म्हणून! मीही नेहमीसारखंच खेळत होते. हत्ती पुढे, हत्ती मागे. तेवढ्यात त्यानं राजाजवळचा पहारा काढून घेतला. बायको आता बरोबरीसाठी हात पुढे करणार, याची खात्रीच ना! मला जागा दिसली. वाटलं, जाऊ दे, घरचाच माणूस आहे.

नाही जाऊ दिलं. वजीर उचलला आणि त्याच्या राजापुढचं प्यादं मारलं. माझा वजीर फुकट! राजाला तो खावाच लागला, दुसरी चालच नव्हती. मग माझा हत्ती थेट राजासमोर आला, आणि पळायच्या वाटा घोड्यानं आधीच अडवलेल्या. मात.

त्यानं कोट काढून खुर्चीला लावला आणि म्हणाला, "अगं, हे इतकी वर्षं कुठं लपवून ठेवलं होतंस?" हात मिळवला. पण गाडीत बसल्याबरोबर रेडिओ मोठा केला.

आज सकाळी मात्र माळ्यावरून मोठी बॅग काढली, पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. "स्वेटर घे. तिकडे थंडी असते." एवढंच.

तो दुखावलाय, याचं वाईट वाटतं. पण मी खूश आहे आई, फार खूश आहे. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

रविवारी दोघं येतोय. स्पर्धेला निघताना तुम्ही दर वेळी त्याच्या डोक्यावर हात ठेवता. या वेळी निघणार आहे मी.

तुमची,
सून