जीप नंबर २२३६

१ नोव्हेंबर १९७६, सोमवार
डायरी, माफ कर. जानेवारीत कारखान्यातून फुकट मिळालीस, रोज लिहायचं ठरवलं, आणि लिहायला बसतोय आज. उशिराला कारणं आहेत. आधी चष्मा मोडला. मग ऊस भांगलायला आला. मग विचार आला की लिहिलेलं कुणाच्या हाती पडलं तर? आणीबाणी आहे. सांगलीच्या हॉटेलात चहाच्या कपाटावर पाटी लावलीय, राजकारणावर बोलू नये. बोलू नये तर लिहू तरी कसं? त्यात पावसाळा गेला.

पण आता गप्प बसून चालणार नाही. नसबंदीच्या ऑपरेशनची जीप फिरतेय. कुटुंब नियोजनाचे लोक गावात येतात, बाप्ये गोळा करतात आणि कॅम्पला नेतात. कोटा असतो म्हणे. हरणाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, म्हणाली की तुमी त्रेसष्ट वर्सांचं, तुमाला कोण नेतंय. तिला काय कळतं. माझा जन्मदाखला कुठाय? दाखला नाही म्हणजे वय नाही.

निश्चय: फाट्याच्या मोरीवर बसायचं. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी नंबरावरून ओळखायची. मिलिटरीत अडीच वर्षं काढलीत. पहारा ही आपली लाईन.

(हरणाबाई सगळ्यांना सांगते की मी तिथे कांदे मोजायला होतो. कोठीचाही पहाराच असतो.)

४ नोव्हेंबर
ड्यूटी चालू. सकाळी मोरीच्या कठड्यावर, दुपारी जेवून परत. नंबर कागदावर लिहीत नाही, कागद सापडतो. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहितो. भिंत वाचायला कोण येतंय.

दुधाचा टेम्पो. कुंडलहून येणारी एस.टी. लालासाहेबाचा ट्रक. कोंडीबाची राजदूत फटफटी. सगळ्यांचे नंबर पाठ झाले. लालासाहेब म्हणाला, आबा, आता आमी नंबर इसरलो तर तुमालाच इचारू. लोकांना किंमत कळायला लागलीय.

आज दुसरं एक काम केलं. माझ्या सायकलचा पितळी बिल्ला काढून ठेवला. त्यावर नंबर आहे, तो नंबर पालिकेच्या दप्तरात आहे, आणि दप्तर शेवटी दिल्लीला जातं. मी कुठे जातो, कुठे थांबतो, हे सरकारला कशाला कळायला पाहिजे? माणसाला काही खाजगी आहे की नाही?

९ नोव्हेंबर, मंगळवार
आली. हिरवी जीप, ताडपत्रीचं छत, पुढच्या काचेवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण. नंबर २२३६. खाली उतरले दोन साहेब आणि एक नर्सबाई. ओढ्यात मेंढरं पाजत असलेला बिराप्पा सापडला. बिराप्पा धनगर माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठाच आहे. त्याला नेला.

मी काय केलं? मी मोरीखाली होतो. नंबर नीट दिसावा म्हणून खाली उतरलो होतो.

१२ नोव्हेंबर
बिराप्पा परत आला. तुपाचा डबा घेऊन. मी विचारलं, वय विचारलं नाही का रं? तो म्हणाला, "वय न्हाई इचारलं. वाट्टंल त्यो अंगठा धरला नि कागदावर टेकवला." तूप चांगलं आहे म्हणाला.

मग माझं वय काय उपयोगाचं?

संध्याकाळी देवळापुढे सगळे बाप्ये जमवले. माझी योजना मांडली. २२३६ दिसली की मी मोरीवर परात बडवणार. परात ऐकली की बाप्यांनी उसात शिरायचं आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर यायचं नाही. बायकांनी सांगायचं, सगळे बाजारला गेलेत. योजना एकमतानं मंजूर. कोंडीबा म्हणाला, आबा गावाचं रडार हाय. मी नको नको म्हणालो, पण खरं आहे.

घरातली मोठी पितळी परात ताब्यात घेतली. हरणाबाई म्हणाली, मी पीठ कशात मळू? मी म्हणालो, देशात आणीबाणी आहे.

१८ नोव्हेंबर, गुरुवार
वाईट दिवस. चष्मा आणायला सायकलवर सांगलीला गेलो. स्टँडजवळ पालिकेच्या माणसानं अडवलं. बिल्ला कुठाय? मी म्हणालो, तो माझा खाजगी प्रश्न आहे. सायकल जप्त केली. एस.टी.नं परत आलो. मोगलाई याहून वेगळी काय होती?

येताना तमाशाच्या थिएटरपुढे कोंडीबाची राजदूत दिसली. नंबरावरून लगेच ओळखली. नवा चष्मा उत्तम आहे.

१९ नोव्हेंबर
पाण्याला जाताना कोंडीबाची बायको धोंडुबाई भेटली. म्हणाली, काल हे मिरजेला दवाखान्यात गेलेले, लय उशीर झाला. मी म्हणालो, दवाखान्यात नव्हे, थिएटरपुढे गाडी होती. खरं तेच सांगितलं.

दुपारी कोंडीबा मोरीवर आला. गालावर वळ होता. म्हणाला, "आबा, तुमी सरकारच्या गाड्या बघायला बसलाय. माझी कशाला बघताय?" मी म्हणालो, पहारेकऱ्याला आपली-परकी गाडी नसते. ज्यानं वाईट केलं नाही त्यानं भ्यायचं कारण नाही. तो राजदूतला किक मारून निघून गेला. पटलं असावं.

सायकल अजून सुटलेली नाही. संतापजनक आहे.

१ डिसेंबर, बुधवार
आनंदाची बातमी. हरणाबाईचा भाऊ अर्जुना मिरजेहून आला. शालूसाठी स्थळ आणलंय. शालू आमचं शेंडेफळ, मॅट्रिक पास. मुलगा मानसिंग, म्हसवडकडचा. मिलिटरीत हवालदार, रजेवर आलाय, महिनाअखेर परत जाणार. घर चांगलं, माणसं साधी, वडील बाळासो शेती करतात. शालूनं फोटो चुलीपुढे नेऊन बघितला. मग दिव्यापाशी नेऊन बघितला. मग परत मागितला.

आधीची दोन स्थळं माझ्यामुळे मोडली असं घरात म्हणतात. मी फक्त चौकशी केली होती. पहिल्याच्या बापाला विचारलं, कर्ज किती? दुसऱ्याच्या काकाला विचारलं, तुमच्या घरात कुणाला फेफरं येतं का? असले प्रश्न विचारायला नकोत तर मग बघायला यायचं कशाला?

बारा तारखेला, रविवारी, अकराच्या एस.टी.नं येणार. हरणाबाईनं मला गळ्याची शपथ घातली. काही विचारायचं नाही. धुतलेला फेटा बांधून ओट्यावर बसायचं. कबूल केलं.

निश्चय: यंदा शालूचं जमवायचंच. तिचा आनंद तोच माझा.

८ डिसेंबर
घात झाला. पाहुणे येणार म्हणून हरणाबाईनं घर सारवलं आणि गोठ्याला चुना फासला. सव्वा महिन्याचे सगळे नंबर गेले. मी खाली बसलो. ती म्हणाली, बरं झालं, भिंत काळी दिसत हुती.

२२३६ मात्र डोक्यात आहे. तो चुन्यानं जात नाही.

१२ डिसेंबर, रविवार. सकाळी
फेटा बांधला. एस.टी.ला वेळ आहे. मोरीवर जरा जाऊन येतो. आजच्या दिवशी गावावर संकट यायला नको.

त्याच दिवशी. उसातून
पेन्सिलीनं लिहितो आहे. डोकं शांत आहे. जीप आली. २२३६. धूळ होती तरी चारही आकडे स्वच्छ वाचले. आज त्रिकोण नव्हता. वेषांतर. परात बडवली. इतकी बडवली की तिला पोचा आला. मिनिटात गाव रिकामं. कोंडीबा, लालासाहेब, बिराप्पा, कालच मुक्कामाला आलेला अर्जुनासुद्धा माझ्यामागोमाग उसात. अर्जुना म्हणत होता, दाजी, जरा थांबा. मी म्हणालो, थांबलास की गेलास.

नंतर
जीप गावात शिरून नेमकी आमच्या दारात थांबली. हिंमत बघा. माझं नाव त्यांच्या लिस्टवर आहे हे मी पहिल्यापासून म्हणत होतो. अर्जुना बांधावरून बघतो म्हणून गेला तो परत आला नाही. पकडला गेला बिचारा. दुःख वाटलं. पण एस.टी. यायच्या आत ही बला टळली पाहिजे, नाहीतर पाहुण्यांपुढे शोभा.

आणखी नंतर
हरणाबाई हाका मारतेय. "आवं, ऐकताय का? बाहेर या." तिच्याकडून वदवून घेत असणार. मी गप्प. बाई माणसाला पुढे करायचं, ही जुनी चाल आहे.

ऊस अंगाला चरचरतोय. शालूची काळजी वाटते. मॅट्रिक पास आहे, सांभाळून घेईल.

आणखी नंतर
एक उंच इसम बांधावर आला. मिलिटरी कटिंग, इस्त्रीचा शर्ट. सरळ आत येत म्हणाला, "मामा, भिऊ नगा. या बाहेर." मामा म्हणतोय! मी ढेकूळ उचललं आणि मारलं. कपाळावर लागलं. मागे फिरला. मिलिटरीत कधी संधी मिळाली नाही, ती आज मिळाली.

रात्री
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो. जीपमध्ये पाहुणे होते. मुलाचा मामा साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. एस.टी.च्या धक्क्यांत वडिलांची कंबर दुखते म्हणून त्यानं कारखान्याची जीप मागून आणली. तीच जीप एरवी ऑपरेशनच्या कॅम्पला दिलेली असते. म्हणजे नंबर बरोबरच होता. हे मी अर्जुनाला दोनदा सांगितलं.

गावात एकही बाप्या नाही असं बघून बाळासोंनी विचारलं म्हणे, इथली माणसं कुठं गेली? हरणाबाईनं ठरल्याप्रमाणे सांगितलं, बाजारला. ते म्हणाले, रविवारी कसला बाजार? मग शालूच बोलली. म्हणाली, "न्हाई, उसात हायती. आमचं आबा बी हायती." मुलगा मला आणायला उठला.

पोहे खाऊन गेले. कळवतो म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

१३ डिसेंबर
शालू बोलत नाही. संध्याकाळी पाणी दिलं तेव्हा मीच म्हणालो, पोरी, नंबर बरोबर होता. ती म्हणाली, "नंबर बरोबर हुता, आबा. आत कोण बसलंय तेवढं बघायचं हुतं." आणि आत गेली.

झोप नाही.

२० डिसेंबर
म्हसवडला जाऊन माफी मागायची ठरवलं. फेटा बांधला. सांगलीच्या स्टँडवर गेलो. तिथे पोलीस प्रत्येक एस.टी.पाशी उभा होता. नाव विचारतो की काय, आणि मग मी काय सांगणार, कशासाठी चाललोय? ढेकूळ मारलं म्हणून? परत आलो. येताना सायकल सोडवली. बिल्ला बसवला.

२७ डिसेंबर
आज मानसिंगची रजा संपली. निरोप नाही. मोरीवर गेलो नाही. गोठ्यात बसलो. भिंत पांढरी आहे.

१८ जानेवारी १९७७, मंगळवार
तुझी पानं संपली, डायरी. मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय. रेडिओवर निवडणुका जाहीर झाल्या. देवळापुढे लोक मोठ्यानं बोलत होते. लालासाहेब तर सरकारचं नाव घेऊन बोलला. मी म्हणालो, सापळा आहे, आता कोण काय बोलतो ते बघणार आणि मग धरणार. सगळे हसले. कोंडीबा सगळ्यात जास्त.

२६ जानेवारी
घरात काहीतरी चाललंय. नोंद ठेवतो. पोस्टमनची सायकल, बिल्ला ११८, आठवड्यात दोनदा आमच्या दारात, मी रानात असताना. हरणाबाई मिरजेला गेली आणि कापडाचा गठ्ठा घेऊन आली. विचारलं तर म्हणाली, भावानं दिलं. शालू जात्यावर गुणगुणते. एवढं दुःख झालेली मुलगी गुणगुणते म्हणजे डोक्यावर परिणाम. मिरजेच्या डॉक्टरला दाखवावं लागेल. बाप म्हणून मलाच बघायला पाहिजे, बाकी कुणाचं लक्ष नाही.

६ फेब्रुवारी, रविवार
ओढ्यावर बिराप्पा घोंगडं विणत बसला होता. कुणाचं, विचारलं. म्हणाला, हरणावैनींनी सांगितलंय, जावयासाठी. कोणाच्या जावयासाठी? बिराप्पानं वर बघितलं. "तुमच्याच की, आबा. म्हसवडचा हवालदार."

सगळं बिराप्पाकडून कळलं. त्या दिवशी मुलगा कपाळ धरून घरी आला, तेव्हा शालूनं हळदीची पट्टी बांधली. बांधताना तिला हसू आवरलं नाही, आणि त्यालाही. जाताना त्यानं आपल्या मामाला सांगितलं की हीच पसंत. अर्जुनानं मिरजेत बसून सगळं ठरवलं. रजा संपायच्या आत सुपारीही फुटली. मी माफी मागायला निघून स्टँडवरून परत आलो त्याच आठवड्यात. वैशाखात लग्न. गावाला माहीत. कोंडीबाला माहीत. मेंढरांनाही माहीत असेल.

घरी येऊन विचारलं. हरणाबाई भाकरी थापत होती. हात थांबवला नाही. म्हणाली, "दोन मोडली. तिसरं मोडू द्यायचं नव्हतं." तारीख विचारली. सांगत नाही. सांगितली तर त्या दिवशी मी वऱ्हाडाच्या गाड्यांचे नंबर बघत मोरीवर बसेन म्हणते.

शालू दारात उभी होती. तिच्याकडे बघितलं. तिनं पदराआड तोंड लपवलं, पण खुशीत होती. एवढं नंबराशिवाय कळलं.

सबब बाळासोंना पोस्टकार्ड लिहितो आहे. पोस्टकार्ड कुणीही वाचतं, वाचू दे. आधी इथे कच्चं लिहून ठेवतो:

श्री. बाळासो यांस, नाथाजीचा रामराम. त्या रविवारी मी उसात होतो आणि ढेकूळ मीच मारलं, त्याची माफी असावी. चि. मानसिंगच्या कपाळाला बरं वाटत असेल अशी आशा आहे. लग्नाची तारीख ठरल्याचं गावातून समजलं, आनंद झाला. ती तारीख मुलीच्या बापालाही माहीत असावी असं मला वाटतं. घरचे सांगत नाहीत. तरी उलट टपाली लवकर कळवावं. मी वाट बघतोय. घरातच.