डाळ न शिजणारं पाणी

कडेगाव, रविवार

तीर्थरूप नाथामामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते, आणि या वेळी ते लवकर वर उचलणार नाही. मामींचा गुडघा कसा आहे? सेलमला उकाडा असेल, त्यात तुमची सोनं गाळायची भट्टी. जपून राहा. इकडे आई, आबा, म्हैस सगळे बरे आहेत. मशीनही बरं आहे. बरी नाही ती मी. फोन तीनदा लावला, पण तुम्ही कौतुकानं "बोला साहेब" म्हणता आणि माझी वाचाच बसते. म्हणून पत्र.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, म्हणून तुम्ही विट्यातल्या तुमच्या वर्गमित्राच्या, गुंडाकाकांच्या दुकानातून कपडे धुवायचं मशीन पाठवलंत. मी त्याला हार घातला आणि जमलेल्या बायकांपुढे स्त्रीच्या श्रममुक्तीवर दहा मिनिटं बोलले. (शेजारच्या मनुबाई म्हणाल्या, "लय झ्याक बोललीस. आता जरा बाजूला हो, मशीन दिसंना.") आईनं एवढंच विचारलं, "ह्येला नळाचं पाणी चालंल का? त्यात डाळ शिजत न्हाई." आमच्या नळाला बोअरचं पाणी येतं. आई लग्न होऊन आल्यापासून डाळीपुरती एक घागर कालव्यावरून आणते, आणि मी लहानपणापासून ती अंधश्रद्धा समजत आले. मी म्हणाले, "आई, मशीन म्हणजे डाळ नव्हे."

मामा, माझी पदवी रसायनशास्त्राची आहे. पाणी किती जड, म्हणजे त्यात क्षार किती, ते मोजण्याच्या प्रात्यक्षिकात मला पैकीच्या पैकी गुण होते. ते पाणी कॉलेजचं होतं. घरचं पाणी मोजावं असं तीन वर्षांत एकदाही सुचलं नाही.

पहिल्या महिन्यात फेस येईना, तर मी पावडर दुप्पट केली. दुसऱ्या महिन्यात टॉवेल पापडासारखे वाळायला लागले. (आबांनी एकानं तोंड पुसलं आणि म्हणाले, आता दाढी करायला नको.) मी उन्हाला दोष दिला. पाचव्या महिन्यात एका सकाळी मशीन सगळे कपडे पोटात घेऊन बंद पडलं. आत आबांचं एकुलतं एक बरं धोतर होतं. ग्रामसभेला ते माझ्या भावाच्या पँटीत गेले, पण तो विषय वेगळा. मी काहीही तपासलं नाही. सरळ तुम्हाला फोन केला, की गुंडाकाकांनी तुमच्या भोळेपणाचा फायदा घेऊन जुना माल पुसून दिला. हे शब्द माझेच. त्यानंतर तुम्ही काकांना फोनवर जे बोललात ते विट्याच्या निम्म्या पेठेनं ऐकलं म्हणतात.

मंगळवारी गुंडाकाका स्वतः आले. चहाही घेतला नाही. मशीन उघडून पाणी तापवायची कांडी बाहेर काढली. ती कांडी कुठली, पांढरं कणीसच होतं. त्यांनी ती पायरीवर आपटली तशा क्षाराच्या खपल्या अंगणभर पडल्या. "शालूताई, माल जुना न्हवता," एवढंच ते आईला म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. मनुबाईंनी एक खपली उचलून निरखली आणि विचारलं, "तंबाखूला चालंल व्हय गं साक्षे?" कुणी हसलं नाही. मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं. नवी कांडी बसवून काका निघून गेले.

तेव्हापासून मशीनला कालव्याचं पाणी. एका धुण्याला सात घागरी, गच्चीवरच्या पिंपापर्यंत. कपडे कालव्यावरच धुऊन आणले तर तासाचं काम आहे, पण आई ऐकत नाही. "माझ्या भावानं दिलंय, बंद कसं ठिवायचं?" श्रममुक्तीच्या या कामाला आता आम्ही दोघी पुरत नाही.

तर मामा, खोट मालात नव्हती, काकांच्यात तर नव्हतीच. जो राग असेल तो माझ्यावर काढा.

तुमची (अजून म्हणू द्याल तर) भाची,
साक्षी

ता. क. गुंडाकाकांच्या अंकिताचं लग्न एकोणीस तारखेला आहे. तिला सख्खा मामा नाही. बोहल्यावर तिच्यामागं मामा म्हणून तुम्ही उभं राहायचं, हे तिच्या बारशापासून ठरलेलं, आणि आता तुम्ही "येत नाही" असं कळवलंत. मला मामा आहे म्हणून मी वाटेल ते बोलून बसले, त्यात तिचा मामा जायला नको. कृपा करून या. खरं तर एवढंच लिहायचं होतं. पाणी मध्ये आलं.

आणखी एक. वर एक गोष्ट लपवली. मशीन पोचवायला आले तेव्हाच काकांनी नळाला लावायचा, क्षार धरणारा फिल्टर फुकट दिला होता. "तुमच्याकडचं पाणी लय जड हाय," म्हणाले. मी तो टेम्पोवाल्यादेखत परत केला आणि नको ती वस्तू ग्राहकाच्या गळ्यात मारू नये, असं त्यांना सुनावलं. ते फक्त म्हणाले, "बरं साहेब." तेव्हापासून तो शब्द मला सोसत नाही.

सोमवार. पत्र टाकायच्या आधी विट्याला जाऊन काकांची माफी मागितली. त्यांनी फळीवरून तोच फिल्टर काढून हातात दिला. खोक्यावर "शालूताई" लिहिलेलं, पाच महिने तसाच ठेवलेला. माफीबद्दल अक्षर बोलले नाहीत. मी पायरी उतरताना मात्र त्यांनी विचारलं, "नाथा येनार हाय का न्हाई?"

मी "येणार" म्हणून सांगितलं. मामा, मी पुन्हा न तपासता बोलले आहे.