कडक बुटाचं वय

आबा, दहा-बारा वर्षं. तुम्ही जे विचारलं होतं त्याचं बरोबर उत्तर हे आहे. बर्फाच्या उतारावर एकाच फळीवर आडवं उभं राहून घसरत खाली येणारी माणसं असतात आणि त्यांच्यातले काही जण हा असला कडक प्लास्टिकचा बूट घालतात, असं मी तुम्हाला सांगत होतो. तेव्हा तुम्ही विचारलंत की ही लोकं किती वर्षं झाली असला बूट घालत आली आहेत. मी म्हणालो, पन्नास-साठ वर्षं तरी. मला माहीत नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट, आणि तेव्हा त्या प्रकाराला जेमतेम दहा-बारा वर्षं झालेली. आज मोजली तर चाळीसच्या आसपास जातील. तुम्हाला जाऊनही आता पुष्कळ काळ झाला, आता उत्तर दुरुस्त करून कुणाचं भलं होणार नाही हे मला कळतं. पण माझ्या वर्कशॉपात मी पोरांना सांगतो की माप चुकीचं लिहिलं गेलं असेल तर माल गाडीत चढला असला तरी ते खोडायचं आणि शेजारी बरोबर लिहायचं. मग स्वतःला वेगळा नियम कसा लावणार?

मी काय काम करतो हे तुम्हाला कधी नीट समजावून सांगितलं नाही, तेही आता सांगतो. मी कुठल्या कॉलेजात किंवा आयटीआयत गेलो नाही. बारामतीच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात लोखंडाचा कीस गोळा करायला लागलो, आणि डाय, म्हणजे सुटे भाग पाडायचे साचे, बनवायला शिकलो ते दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून आणि रद्दीत मिळालेली इंग्रजी पुस्तकं शब्द शब्द लावून. म्हणून मला ‘माहीत नाही’ हे दोन शब्द तोंडातून काढायला जड जायचे. शिकलेला माणूस ते सहज म्हणतो, त्याचं काही जात नाही. माझं सगळंच जाईल असं मला वाटायचं. त्या साली कारखान्याच्या शेठना परदेशातलं एक काम मिळालं होतं, त्या बुटावरच्या पकडींचं. बूट आवळून धरणारी पकड, आपण बकल म्हणतो ती. तिचा डाय मी एकट्यानं केला होता. परदेशी कंपनीचा माणूस पाहणीला आला, त्यानं बकल हातात घेऊन दोन-तीनदा उघडझाप केली आणि शेठना म्हणाला की हे ज्यानं केलं त्यानं एकदा हा बूट घालून बर्फावर उभं राहिलं पाहिजे, म्हणजे पकड कुठं दाबते ते त्याला कळेल. हिमाचलात नमुने तपासायला जायचं ठरलं. त्यानं आणलेल्या जोडांतला एक माझ्या पायाच्या मापाचा निघाला. जायच्या आधी पंधरवडाभर घालून फिर, असं तो म्हणाला. खोलीवर आम्ही चार जण राहायचो आणि जो तो पाय घालून बघणार, म्हणून मी तो जोड सुट्टीच्या दिवशी गोणपाटात बांधून कळसला, गावाकडं घरी आणला.

आई चुलीपुढं बसली आहे, तुम्ही दाराच्या उंबऱ्यावर. मी गोणपाट सोडतो. गुडघ्याच्या थोडा खाली येणारा, निळा, हातानं दाबला तर तसूभर न हलणारा बूट तुम्ही उचलून आत बघता आणि म्हणता, “ही वहाण हाय का मोटंचं तोंड?” मी घालून अंगणात चाललो. घोटा वाकत नाही, टाच आधी आणि मग सगळा पाय एकदम आदळतो. कोंबड्या पळाल्या, आई पदर तोंडावर घेऊन हसली. तासाभरानं काढला तेव्हा नडगीवर आणि घोट्याच्या आतल्या हाडावर कातडं सोललं होतं. तुम्ही माझा पाय तुमच्या मांडीवर घेतलात आणि सोललेल्या जागी अंगठा टेकवलात. मी तेव्हा तिशीचा होतो, मला लाज वाटली, मी पाय ओढून घेतला.

“किती वर्षं झाली रं, लोकं ह्यात हुबी ऱ्हात्यात?” तुम्ही विचारलंत.

मी ते पन्नास-साठचं उत्तर दिलं.

“मग मऊ पडत असणार. न्हाईतर येवढी वर्षं कोण चावून घील?”

“पडतात की,” मी म्हणालो. मी तेव्हा जखमेवर हळद दाबत होतो. तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आपल्याकडची रीत मला माहीत होती, ती मी विसरलो असं म्हणता यायचं नाही. मेंढरं घेऊन कोकणात उतरायच्या दिवसांत जाणाऱ्याच्या नव्या वहाणा आधी घरी राहणारा घालायचा. त्याच मापाचा पाय असलेला भाऊ, बाप, चुलता, कुणीही. करंजाचं तेल पाजायचं, ओल्या शेतातून फिरायचं, फोड यायचे ते आपल्या पायाला घ्यायचे, आणि वहाण माणसाळली की जाणाऱ्याच्या पुढं ठेवायची. वाटेत पाय फुटला तर मेंढरं काही कुणासाठी थांबत नाहीत. तुमच्या वहाणा तुमच्या वडिलांनी अशाच मोडून दिल्या होत्या, हे तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतं. तुमचा आणि माझा पाय एकच, अंगठ्याशेजारचं बोट लांब, तेही तसंच. मी मात्र मेंढरामागं कधी गेलो नाही, त्यामुळं माझ्यासाठी ते करायची पाळी तुमच्यावर आली नव्हती. आली ती या बुटासाठी.

जोड घरीच ठेवून मी बारामतीला परत गेल्यावर काय झालं ते आईनं पुढं सांगितलं. रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी तुम्ही ते बूट चढवायचात आणि कालव्याच्या भरावावरून चालत जायचात, कारण आपल्या शिवारात उतार म्हणावा असा तेवढाच. आत करंजाचं तेल ओतलंत, बाहेरून चोळलंत, दुपारी उन्हात तापत ठेवलेत. पलीकडच्या मळ्यातला तुमचा बरोबरीचा दोस्त बांधावरून ओरडला म्हणे, “आबा, चंद्रावर निघालासा व्हय?” तुम्ही न थांबता म्हणालात, “पोरगं निघालंय. मी नुसता वाट मोडतूय.” हे सांगताना आई हसली होती. माझ्यानं हसवेना.

पुढच्या सुट्टीला मी आलो तर तुम्ही बूट पुसून चौकटीला टेकवून ठेवले होते. तोंडावर असा आनंद, जणू अवघड व्यालेली मेंढी उभी राहिली आहे. तुम्ही म्हणालात, “पैल्या दोन दिवशी लई चावलं. आता काय सुदिक लागत न्हाय बघ. मऊ पडले.”

इथं मी रोज येऊन थांबतो, आबा. मला त्या प्लास्टिकची जात माहीत होती. ते माणसाच्या वजनानं, तेलानं, उन्हानं मऊ पडायचं नाही, तसं पडलं तर त्याचा उपयोगच नाही. ही गोष्ट मी झोपेतही सांगितली असती. मग ते तुम्हाला लागत का नव्हतं? मशीन अचानक आवाज करायचं बंद झालं तर मी ते उघडून बघतो, आवाज वाढला तर बघतोच, पण थांबला तर आधी बघतो. तुमच्या बाबतीत मी गालात हसलो. आमच्या म्हाताऱ्यानं परदेशी बूट माणसाळवला, असा किस्सा खोलीवर सांगता येईल, एवढंच माझ्या मनात आलं. साखरेच्या आजारानं पायाची जाण जाते आणि तुम्हाला तो आहे, हे तेव्हा आपल्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण साखर माहीत असायची गरज नव्हती. “पाय दाखवा” एवढंच म्हणायचं होतं.

निघायच्या दिवशी तुमच्या डाव्या पायाला धडपं गुंडाळलेलं होतं. आई म्हणाली, जरा बघ रं काय झालंय. तुम्ही म्हणालात, काटा मोडलाय, बाभळीचा, आणि तिच्यावरच चिडलात की पोरगं निघताना काय रडगाणं लावलंय. एसटी फाट्यावर यायची वेळ झाली होती. मी धडप्याकडं बघितलं. त्यावर पिवळट डाग होता, तो मला दिसला. मी गोणपाट खांद्यावर टाकलं आणि निघालो. त्या क्षणी वाईट वाटलं का? वाटलं असेल. फाट्यावर पोचेपर्यंत टिकलं नाही.

बर्फ तुम्ही पाहिला नाहीत. तो कापसासारखा असतो असं लोक सांगतात, तसं काही नाही. सकाळी तो उसाच्या गाळपातून निघालेल्या साखरेसारखा खरखरीत असतो आणि पायाखाली करकरतो. उतारावर तो परदेशी माणूस खाली वाकून माझ्या बुटाची बकलं लावत होता, तेव्हा त्यानं नाक वर केलं आणि हा वास कसला म्हणून विचारलं. करंजाचा वास. अस्तरात मुरला होता. मी म्हणालो, कारखान्यातलं तेल आहे. माझ्या मोडक्या इंग्रजीतही ‘माझ्या वडिलांनी लावलं’ एवढं सहज बसलं असतं. शेठ शेजारीच उभे होते. मग मी त्या माणसाला तुमचा प्रश्न विचारला, माझा म्हणून. असले कडक बूट घालून फळीवर उभं राहायला लागून किती वर्षं झाली? दहा-बारा, तो म्हणाला. आधी सगळे मऊ बुटातच उभे राहायचे, अजूनही बहुतेक मऊच घालतात. दोन फळ्यांवर घसरणारे जे लोक होते त्यांचे बूट आधीपासून कडक, त्यांच्यातल्या काहींनी तेच बूट आणून या एका फळीला अडकवले, आणि फळी जास्त ऐकते असं त्यांच्या लक्षात आलं. मग खास या कामाचे बूट निघाले. मी विचारलं, वापरून मऊ पडतात का? तो हसला. बाहेरचं कधीच नाही, म्हणाला, नडगी टेकवली की फळी वळली पाहिजे, मऊ पडला तर वळणार कशी? आतलं अस्तर मात्र ज्याच्या पायावर बसेल त्याचं होतं. आणि माझ्या पायावर ते इतकं नेमकं कसं बसलंय याचं त्याला नवल वाटलं. नव्या जोडाला एवढं बसायला महिना लागतो, म्हणाला.

म्हणजे तुम्ही ते केलं होतंत. मला चावणारं सगळं आधीच कुणीतरी घेऊन टाकलं होतं.

मी परत आलो तेव्हा तुम्ही इंदापूरच्या दवाखान्यात होतात. दोन बोटं काढली होती, आणि डॉक्टर म्हणत होते की पाऊल राहील की नाही ते आठवड्यात कळेल. अर्धं राहिलं. तुम्ही काठी घेऊन अंगणातल्या अंगणात फिरायला लागलात, मेंढरं चुलत्याच्या कळपात गेली. सकाळी ती आपल्या दारावरून जायची तेव्हा तुम्ही आत जाऊन बसायचात, आणि त्यांच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज लांब गेला की बाहेर यायचात. मला तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. आईसुद्धा नाही. बोलला असतात तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं. घरात तेल आणलं तरी करंजाचं कुणी आणलं नाही, एवढंच.

दवाखान्यातली ती दुपार मला रोजच्यासारखी समोर दिसते. तुमचा पाय दोन उशांवर ठेवला आहे, पांढऱ्या पट्टीत. तुम्ही मला खाटेवर बसायला लावता आणि पहिलं काय विचारता, तर बर्फ कसा असतो. मी सांगतो. मग शेठ, जेवण, थंडी. सगळं ऐकून घेता. शेवटी मान पुढं काढून हळूच विचारता, खाटेशेजारच्या माणसाला ऐकू जाऊ नये असं.

“उतारावर व्हतास तवा पायाकडं ध्यान गेलं का रं?”

“नाही, आबा.”

“एकदाबी न्हाय?”

“एकदाही नाही.”

तुम्ही उशीवर मागं टेकलात. “मग बसला म्हणायचा. पाय आठवत न्हाय तीच खरी वहाण.” आणि हसलात, सगळे दात दिसेपर्यंत. शेजारच्या खाटेवरच्याला बोलावून सांगितलंत की आमच्या पोराचा परदेशी बूट मी मोडून दिला. मी ते खोडलं नाही. मी म्हणालो, व्हय, आबानीच दिला. आणि ते खरंही होतं.

मला वाटायचं, पुढं कधीतरी त्या चुकलेल्या वर्षांबद्दल तुमच्याशी बोलावं. पन्नास म्हणालो म्हणून तुम्ही विश्वास टाकलात. दहा म्हणालो असतो तर म्हणाला असतात, कालचीच वहाण दिसतीय, जपून. किंवा तरीही घातला असतात. तुम्हाला मी ओळखतो, बहुतेक घातलाच असता. पण ‘बहुतेक’वर मी कुठलाही डाय बनवला नसता.

खरी गोष्ट त्याच्याही पुढची आहे, आणि ती मी आईलाही सांगितली नाही. त्या माणसानं मला धरून उतारावर सरळ उभं केलं, मग हात सोडला, आणि मी घसरलो. पन्नास-साठ पावलांचा उतार असेल. मी पडलो नाही. वारा कानाला लागला, मी तोंड उघडून मोठ्यानं ओरडलो, शेठ खालून टाळ्या वाजवत होते, आणि मला वाटलं की आयुष्यात मी एवढा आनंदी कधी झालो नव्हतो. अजूनही झालेलो नाही. नडगीशी करंजाचा वास येत होता, तरी. माझ्या पायाकडं ध्यान गेलं नाही हे मी तुम्हाला खरं सांगितलं, आबा. तुमच्याही पायाकडं माझं गेलं नाही.