टपावरची होडी

१६ नोव्हेंबर २००४, मंगळवार

बोट घरात आली. आली म्हणजे — मावली नाही. सतरा फूट. नाक स्वयंपाकघरात ओट्याखाली, शेपूट गॅलरीत, मध्ये आम्ही तिघं. कणीक मळायला जाताना दोनदा ओलांडली, दोन्ही वेळा वेदिका म्हणाली, "आई, पाय नको ना लावूस. कयाक आहे ती, होडी नाही." फायबरची आहे, भरल्या सिलिंडरच्या निम्मंही वजन नाही, पण मान मात्र देवघरासारखा.

५ डिसेंबरला पुण्यात निवड चाचणी. कुठल्याशा शिबिरासाठी मुलं निवडणार आहेत. नाशिकच्या बोट क्लबचे सुनील सर बोट इथे ठेवून गेले. हे म्हणाले, "पुण्याला बोट मी नेणार. व्हॅनच्या टपावरून." आमची व्हॅन अकरा फुटांची. उरलेल्या सहा फुटांचं काय ते विचारलं नाही.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

यांनी ड्रॉइंग काढलं. सातपूरच्या कारखान्यात बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्याची नोकरी. त्यामुळे स्वतःची चूक होईल अशी शंकाच येत नाही. आलेख-कागदावर व्हॅन, वर बोट, समोरून लाल बाण. बाण म्हणजे वारा.

वेदिका म्हणाली, "बाबा, खाली गादी, वर दोन पट्टे, आणि नाकाला-शेपटीला एकेक दोरी. बस. सर म्हणाले."

"सरांना वल्हवायचं कळतं. बांधणं हा वेगळा विषय आहे."

२१ नोव्हेंबर, रविवार

रंगीत तालीम. खालचे खंडेराव न बोलावता आले. एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी अजून गाड्या सोडल्यासारखेच बोलतात. "टपावर आम्ही लग्नंच्या लग्नं चढवली आहेत," म्हणाले. मग बाकीची सोसायटी जमली. दहा माणसं, बारा मतं. एकाने बोट उलटी ठेवायला सांगितली, दुसऱ्याने उभी. उभी कशी, ते त्यालाही सांगता येईना.

गादी नको असं ठरलं. गादीने बोट हलते, म्हणे. दोरी म्हणून माझ्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या काढल्या, पाचही. त्या चारही दारांच्या खिडक्यांतून ओवून गच्च आवळल्या. हे आत बसून टोकं ओढत होते. शेवटची गाठ बसली तेव्हा लक्षात आलं की आता एकही दार उघडत नाही. मागच्या दाराला शेपटीची दोरी. हे आतच.

खंडेराव काचेतून म्हणाले, "बांधणी मात्र पक्की झाली."

सोडवायला पाऊण तास. वेदिका जिन्यात बसून पोट धरून हसत होती. मीही — पण पदर तोंडाला लावून.

२२ नोव्हेंबर, सोमवार

कपडे कठड्यावर वाळत. एक परकर उडून खंडेरावांच्या स्कूटरवर. त्यांनी तो पक्का बांधून ठेवला होता.

२८ नोव्हेंबर, रविवार

लिहायला नको वाटतंय.

सरावासाठी गंगापूर धरणावर निघालो. दाराची अडचण यांनी सोडवली होती — दोऱ्या फक्त टपावरच्या कॅरिअरला. नाकाला, शेपटीला काही नाही. "गरज नाही, हिशोब केलाय." आनंदवलीपर्यंत वरून भुंग्यासारखा आवाज. हे म्हणाले, "दोरी बोलतेय, म्हणजे ताण बरोबर आहे."

सोमेश्वरच्या पुढे गतिरोधक आला. बोट घड्याळाच्या काट्यासारखी आडवी फिरली आणि घसरून रस्त्यावर पडली. मागून गिरणारे गावची वडाप जीप येत होती. करकचून ब्रेक. हातभर अंतर राहिलं.

जीपवाला उतरला. सहादू नाव. त्याच्या टपावर टोमॅटोच्या जाळ्या, एक सायकल, एक खाट, खाटेला बांधलेली शेळी. शेळी सोडून काहीही हललं नव्हतं. आमच्याकडे बघून हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

"साहेब, लय आवळली तुमी. अशी जीव घेऊन बांधत नसतात. खाली मऊ काय तरी पाह्यजे. अन् नाक मोकळं सोडलं, मंग ती फिरणारच."

म्हणजे सुनील सर म्हणाले तेच. वेदिकाने ते बापाला ऐकवलं नाही. ती रस्त्याच्या कडेला बोटीचं नाक मांडीवर घेऊन बसली होती. बाजूला वीतभर तडा. हे खाली वाकले, तड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वाऱ्याचा हिशोब चुकला नव्हता. गतिरोधक धरला नव्हता."

सहादूने बोट बांधून दिली, आम्ही घरी आलो.

३० नोव्हेंबर, मंगळवार

सरांनी तडा बुजवला. चालेल म्हणाले.

हे दोन दिवस जेवताना मीठ कमी आहे हेसुद्धा बोलले नाहीत. वेदिका पोळ्या लाटताना मला म्हणाली, "आई, मी एसटीने जाते. तिथे कुणाची तरी बोट मिळेल."

"मग सांग त्यांना."

"त्यांना वाईट वाटेल गं."

ती अठरा वर्षांची आहे. मला हे समजायला लग्नानंतर दहा वर्षं लागली होती.

२ डिसेंबर, गुरुवार

शाळेतले माझे तास संपल्यावर गिरणाऱ्याच्या जीप थांबतात तिथे गेले. सहादूला गाठलं. "शनिवारी या. पण साहेबांना सांगू नका मी बोलावलं."

"मंग काय सांगू, बाई?"

"सांगा, इकडून चाललो होतो."

"गिरणाऱ्याची जीप तुमच्या कॉलनीत कशी जाईल?" तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "बघतो. वाट चुकलो म्हणंन."

४ डिसेंबर, शनिवार

वाट चुकून सहादू बरोबर नऊला हजर. सोबत दोन गोणपाटं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबांच्या पट्ट्या.

मला धास्ती — हे आता फणकारणार. पण सहादूने त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "काय काढलंय?" यांनी दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"हा बाण वाऱ्याचा का?"

"हो."

"बराबर हाय. वारा नाकाखाली शिरतो अन् उचलतो. म्हणून नाकाला दोरी. साहेब, जरा हितं धरा."

यांनी धरलं! या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच कुणीतरी यांचं ऐकून घेतलं होतं आणि यांनीही कुणाचं तरी ऐकलं. वीस मिनिटांत काम झालं. शेपटीला लाल फडकं. बोट हलवली तर अख्खी व्हॅन हलते.

खंडेराव म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो."

६ डिसेंबर, सोमवार

काल पहाटे निघालो. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव — दर ठिकाणी थांबून यांनी दोऱ्या चाचपल्या. एरवी मी वैतागले असते. पण वेदिका पुढे यांच्या शेजारी बसून अखंड बोलत होती आणि हे हूं हूं करत होते. असं मी कधी पाहिलं नव्हतं. बोट जागची हलली नाही.

पाण्यापाशी पोचलो तर क्लबचा टेम्पो उभा. आठ बोटी, घोंगड्यांत गुंडाळून. नाशिकच्याच! मी सरांना विचारलं, यात जागा नव्हती का. म्हणाले, "होती की. वेदिकाच्या बाबांनीच लिहून दिलं, आमची आम्ही आणतो."

डोकं सणकलं. माझ्या दोऱ्या, तो तडा, सहादूपाशी पदर पसरला तो! पण वेदिका पाण्यात उतरत होती. गिळलं. ती दुसरी आली. मला पोहता येत नाही, तरी मी गुडघाभर पाण्यात कधी गेले ते कळलं नाही.

बोट टेम्पोने परत गेली. येताना मी यांच्याशी एक अक्षर बोलले नाही.

११ डिसेंबर, शनिवार

पत्र आलं. वेदिकाची निवड झाली. शिबिर नाही — केरळात दोन वर्षं प्रशिक्षण, तिथेच राहायचं. वीस तारखेला हजर व्हायचं.

यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "माहीत होतं. दिवाळीतच सर म्हणाले होते, ही आता इथे राहत नाही. म्हटलं, पुण्यापर्यंत तरी आपण नेऊ."