पुरे म्हटलं तरी सोडायचं नाही

९ मार्च, दुपार

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार, वि. वि. — मायना इथपर्यंतच आठवतो. पुढचा शिकवला त्या दिवशी मी शाळेत नसणार, नदीवर असणार. तर आम्ही दोघं इथे खुशाल आहोत. हे वाक्य नीट वाचून घे, आणि पुढे कुठे छातीत धस्स झालंच तर परत वर येऊन हेच वाच.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून तुला कळतं मी जेवलोय की नाही. कागदाला आवाज नसतो, तेवढंच बरं.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. तू शेजारच्या काकूंना सांगितलंस म्हणे, की लेकीनं भाच्यालाही आपल्या प्रयोगशाळेत घेतलं, आता तोही शास्त्रज्ञ होणार. मावशी, मी भांडी घासतो. काचेची, पण भांडीच. तुझ्याकडे होतो तेव्हा एका पातेल्याला हात लावला नाही, त्याची सगळी भरपाई चाललीय. पण घासण्याची खोली छान आहे. खिडकीतून गोदामाचं छप्पर दिसतं, त्यावर एक मांजर रोज ठरलेल्या जागी येऊन झोपतं. मला त्या मांजराचं कौतुक वाटतं. एकाच जागेवर रोज कसं काय जमतं कुणाला?

हां, तर काम. पहिल्या दिवशी ताईनं मला कशालाही हात लावू दिला नाही. आधी चष्मा. आपला साधा नाही, बाजूंनीही बंद असलेला, पाणबुड्यासारखा. मग कोट, मग कोपरापर्यंत हातमोजे. मी म्हटलं, "ताई, भांडी घासायचीत की चंद्रावर जायचंय?" ती हसली नाही. घरी हसते ती वेगळी ताई. म्हणाली, "ॲसिड पाण्यात ओतायचं, हळूहळू. ॲसिडवर पाणी ओतलंस तर उसळून तोंडावर येईल. बाटलीला नाक लावून वास घ्यायचा नाही. लेबल नाही ती बाटली उघडायची नाही. आणि ॲसिडपेक्षा कॉस्टिकला जास्त भी."

कॉस्टिक म्हणजे कॉस्टिक सोडा, आपल्याकडे तुंबलेल्या मोरीत टाकायचो ना, तोच, जरा पाण्यात विरघळवलेला. मी विचारलं, त्याला कशाला भ्यायचं? ती म्हणाली, "ॲसिड आरडाओरडा करत येतं, म्हणून माणूस पळतो. कॉस्टिक पावलं न वाजवता आत शिरतं. हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं, माणसाला वाटतं काही नाही. तेवढ्यात ते खोल गेलेलं असतं."

तिथे भिंतीला एक नळ आहे, दोन तोंडांचा, वर उडणाऱ्या पाण्याचा. डोळ्यात काही गेलं तर तिथे धावायचं. दर सोमवारी ताई सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधते आणि आपापल्या टेबलापासून त्या नळापर्यंत चालायला लावते. कारण खरी वेळ येईल तेव्हा डोळे उघडणारच नाहीत. म्हणून त्या वाटेत काही म्हणजे काही ठेवायचं नाही. स्टूल नाही, बादली नाही. पहिल्या सोमवारी मी थेट कपाटावर आदळलो आणि त्याला 'सॉरी' म्हणालो. स्टोअर सांभाळणारे काका आहेत, स्वतःच्या जेवणाच्या डब्यालाही लेबल लावतात, म्हणून मी त्यांना लेबलकाका म्हणतो. ते अजून मला त्या कपाटाची खुशाली विचारतात.

ताईचा आणखी एक नियम आहे. ज्याच्या डोळ्यात गेलंय तो थोड्या वेळानं म्हणणारच, "पुरे, आता बरं वाटतंय." ऐकायचं नाही. निदान पंधरा मिनिटं पापण्या ताणून पाण्याखाली धरायचं, आणि कॉस्टिक असेल तर डॉक्टर येऊन ताब्यात घेईपर्यंत. "मी म्हटलं तरी?" तिनंच विचारलं आणि तिनंच उत्तर दिलं, "मी म्हटलं तरी."

मावशी, ताई गेला आठवडाभर तुझा व्हिडिओ कॉल घेत नाहीये. कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगते. कॅमेरा ठणठणीत आहे. तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती.

होती. आज सकाळी निघाली. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. ताईनं सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ वाचली, आणि तिच्याही खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, ते मलाही दिसत नाही." मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो आणि ढसाढसा रडलो. एक झाडूवाली बाई माझ्या पाठीवर थोपटून गेली. तिला वाटलं असणार, कुणीतरी गेलं.

आता वर जाऊन 'खुशाल आहोत' वाचलंस का? वाच. मी थांबतो.

तर झालं असं. संध्याकाळी काम आटपलं होतं. ताईनं कोट आणि चष्मा खुंटीला टांगला होता, खांद्याला पर्स लावून घरी निघालेली, आणि माझ्याशी बोलायला घासण्याच्या खोलीत आली. चष्मा नसताना. जी बाई मोठ्या साहेबांनाही चष्म्याशिवाय दारातून परत पाठवते, ती. आमचं जरा बोलणं चाललं होतं. कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये एक बाटली वेगळी ठेवलेली. कुणा नव्या विद्यार्थ्यानं कॉस्टिक काचेच्या बुचाच्या बाटलीत भरलं होतं. ते प्लास्टिकच्या बाटलीत भरायचं असतं, नाहीतर काचेचं बूच काचेत चिकटून बसतं. अशा बाटलीशी झटापट करायची नाही, बाजूला ठेवून सांगायचं. मी तसंच केलं होतं. पण ताई बोलता बोलता तापली आणि तिनं ती बाटली उचलली. "आण इकडे, तुला एक काम धड..." असं म्हणत बूच पिळलं. बाटलीची मान तुटली. अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

ती ओरडली नाही. नुसती "अरे" म्हणाली.

डोळे गच्च मिटून ती वळली आणि नळाकडे चालायला लागली, एकदम बरोबर, सोमवारसारखी. मध्ये काहीतरी पायात आलं आणि ती गुडघ्यांवर पडली. मी माझे कॉस्टिकनं माखलेले हातमोजे ओढून काढून फेकले, तिला काखेत धरून उचललं, नळाशी नेलं. लेबलकाकांनी धावत येऊन ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मी दोन बोटांनी तिच्या पापण्या ताणल्या. मावशी, पापण्या केवढ्या जोरानं मिटतात ते मला माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "सोड आता. बरं वाटतंय."

"नाही."

"अरे सोड म्हणतेय ना! इथली प्रमुख कोण आहे?"

"तूच. म्हणूनच."

"मोठी बहीण आहे मी तुझी! गाढवा, सोड!"

गाढव म्हटल्यावर मला ते नावेतलं गाढव आठवलं, आणि मी ते सांगायला लागलो. तुला सांगितलंय का? मी नावेवर काम करत होतो तेव्हा एक कुंभार गाढव घेऊन चढला. पलीकडे पोचलो तर गाढव उतरेना. ओढलं, ढकललं, गूळ दाखवला. शेवटी नाव परत फिरली, गाढवासकट. मग परत पलीकडे. तरी उतरेना. कुंभार काठावरून शिव्या देतोय, गाढव नदी बघतंय. हे सगळं मी तिच्या कानाशी ओरडून सांगत होतो, पाणी आम्हा दोघांच्या अंगावर, माझ्या हातांची बोटं बधिर. तिनं धडपडणं थांबवलं. हसली की रडली, पाण्यात कळलं नाही. तेवढ्यात ॲम्ब्युलन्सवाले आले आणि पुढचं धुणं त्यांनी हातात घेतलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, पाणी लगेच मिळालं आणि मध्ये थांबलं नाही, म्हणून डोळा वाचला. गालावर एक लाल डाग आहे, तोही जाईल म्हणतात. गुडघे खरचटलेत.

वर मी लिहिलंय, 'काहीतरी पायात आलं'. ते काहीतरी म्हणजे माझी सॅक होती.

मी त्या संध्याकाळी निघणार होतो. कुठे ते ठरलं नव्हतं, कधी ठरलेलं असतं? सामान भरून कामावर आलो होतो आणि सॅक नळाच्या वाटेत टेकवली होती, कारण आता आपले नियम संपले असं मला वाटलं. ताई त्यावरूनच बोलायला आली होती. "आईला काय सांगू? परत पळाला म्हणून?" हे तिचं वाक्य. मी म्हटलं, "सांग, सवय आहे तिला." त्यावर तिनं बाटली उचलली. ज्या वाटेवर ती दर सोमवारी बादलीसुद्धा ठेवू देत नाही, तिथे मी माझं सगळं चंबूगबाळं ठेवलं होतं. दोन-चार क्षणच गेले असतील, पण मी ते आठवडाभर मोजत बसलोय.

ताईनं एका शब्दानंही सॅकचं काढलं नाही. तुला कळवायचं नाही, पट्टी निघेपर्यंत, एवढंच बजावलं. आणि पट्टी बांधलेल्या पहिल्या संध्याकाळी विचारलं, "मग त्या गाढवाचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "माहीत नाही. तिसऱ्या खेपेला मला एक ट्रकवाला भेटला, मी त्याच्याबरोबर गेलो."

तिनं पट्टीची कड चाचपली. मग म्हणाली, "तुझ्या एकाही गोष्टीला शेवट नसतो. निदान या डोळ्याचा तरी बघून जा."

तो बघितला. आज सकाळी.

उद्या नाही, पुढच्या रविवारी, हे पत्र पोचल्यावर, ती कॅमेरा लावून तुला फोन करणार आहे. गालाचा डाग दिसला तर आधी चकित हो, मग चीड, मग काय रडायचं ते रड. मी पत्रात सगळं सांगून टाकलंय हे मात्र कळू देऊ नकोस, नाहीतर मला कोपरापर्यंतच नाही, नाकापर्यंत हातमोजे घालायला लावेल. परवा सोमवार आहे. लेबलकाका म्हणाले, या वेळी आधी वाट मोकळी आहे का ते बघायचं काम माझं.

तू नेहमी चिडतेस, की पत्रं येतात पण मागे पत्ता नसतो, उत्तर पाठवायचं कुठे. पाकीट फेकलं असशील तर शोध आणि उलटं करून बघ. नीट अक्षरात लिहिलाय, पिनकोडसकट. सावकाश उत्तर पाठव. घाई नाही.

पत्त्यावर सापडेल असा,
तुझा भिंगरी