पंख्यासाठी पेटी

३ फेब्रुवारी, मंगळवार

पंखा आजही सकाळपासून सुरू आहे. शेजारच्या पितांबरने दिवाळीनंतर सामाईक भिंतीलगत केळी पिकवण्याची खोली बांधली आणि तिचा एक्झॉस्ट पंखा नेमका आमच्या अंगणाच्या बाजूस काढला. खोलीतील कोंडलेली हवा बाहेर गेली नाही तर माल नासतो, हे मला मान्य आहे. तक्रार अशी नाहीच. परंतु आज चहा घेताना एक गोष्ट ध्यानात आली आणि कप खाली ठेवावा लागला – रोहिणीचा आवाज मला आठवत नाही!

चेहरा आठवतो. चालणे आठवते. ती काय म्हणत असे तेही आठवते, परंतु छापील मजकूर आठवावा तसे. आवाज नाही. ती जाऊन अद्याप वर्षही झालेले नाही. डोळे मिटून ऐकायला गेलो की मध्ये पंखा येतो.

४ फेब्रुवारी

कामिनीला धुळ्यास फोन केला. आईचा आवाज असलेले काही तुझ्याकडे आहे का, असे विचारले. तिने स्वतःच्या लग्नातील चित्रफीत पाठवली. तीत रोहिणी कॅमेऱ्याकडे पाहून म्हणते, "आपण सर्व उपस्थित राहिलात, आम्ही आपले आभारी आहोत." हे वाक्य मीच तिला लिहून दिले होते. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर मसुदे लिहिले. हाही त्यांपैकीच एक. आवाज तिचाच आहे. पण ती त्यात नाही.

कामिनी म्हणाली, बाबा, इकडेच राहायला या. नकार दिला. तो आवाज या घरात होता. सापडलाच तर येथेच सापडेल. केवळ शांतता हवी.

७ फेब्रुवारी

पंख्याभोवती आवाज अडवणारी पेटी करण्याचे ठरवले आहे. पितांबरकडे रीतसर परवानगी मागितली. तो क्रेट मोजत होता. आधी माझ्याकडे पाहतच राहिला, मग हसू लागला.

"भाऊ, लोक वाजवायला पेटी घेतात. वाजू नये म्हणून पेटी करणारे तुम्हीच पहिले!"

परवानगी दिली. त्याची आई, सुनंदाबाई, दारात बसून शेंगा निवडत होत्या.

८ फेब्रुवारी

जळगावहून दगडी लोकर आणली. शीतगृहाच्या भिंतींत भरतात ती. हाताळल्यावर हात चुणचुणतात.

११ फेब्रुवारी

काल पेटी बसवली. जाड प्लायवूड, आत लोकर, सांध्यांना रबर, हवा बाहेर पडायला तळहाताएवढे भोक. आवाज जवळजवळ नाहीसा झाला आणि मी समाधानाने जेवलो.

आज सकाळी पितांबर तडक अंगणात आला. खोली तापली होती. पहिल्या रांगेतील माल मऊ पडला होता. "भाऊ, केळी आहेत ती! लोणचं आहे का, बरणीचं तोंड बांधून ठेवायला?" त्याचे म्हणणे सर्वस्वी योग्य होते. क्षमा मागितली आणि त्याच्यादेखत पेटी उतरवली.

पंखा पुन्हा सुरू. सारा दिवस.

१२ फेब्रुवारी

हवा जाऊ द्यायची आणि आवाज जाऊ द्यायचा नाही. दोघे एकाच दाराने बाहेर पडतात. हे कसे व्हावे?

१५ फेब्रुवारी, रविवार

झाले!

नवी पेटी लांब केली. आत आडव्या फळ्या अशा बसवल्या की हवेला डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, असे नागमोडी जावे लागते. प्रत्येक फळीला लोकर. बाहेरचे तोंड पंख्याहून मोठे ठेवले, म्हणजे हवा कोठे अडणार नाही. तोंडापुढे हात धरला – वारा पूर्वीइतकाच येतो! केळीचा तो गोडसर दर्पही येतो. आवाज मात्र येत नाही. प्रत्येक वळणावर तो थोडाथोडा भिंतींवर आपटत, लोकरीत जिरत गेला असला पाहिजे. कारण मला ठाऊक आहे, कागदावर आकृतीही काढता येईल. तरीही त्या तोंडाशी मी लहान मुलासारखा उभा राहिलो. हवा वळते आणि निघून येते. आवाज वळता वळता संपतो.

पितांबरने आतला तापमापक पाहिला, पुन्हा पाहिला. मग पेटीवर हात ठेवून म्हणाला, "चालू आहे ना हो?" त्याला खात्रीसाठी आत जाऊन पाती फिरताना पाहावी लागली!

१६ फेब्रुवारी

एवढी शांतता या अंगणात असू शकते याची कल्पना नव्हती. नळाच्या तोटीखालच्या बादलीत थेंब पडतो, तो ऐकू येतो. कडुनिंबाचे वाळके पान फरशीवरून सरकते, ते ऐकू येते. रावेरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरने गिअर बदलला तेही कळले. देवळात उभे राहावे तसा उभा होतो.

मग डोळे मिटले आणि वाट पाहिली.

काही नाही. "अहो, चहा ठेवलाय" हे वाक्य मनात पुन्हा पुन्हा ठेवून पाहिले. ते माझ्याच आवाजात उमटते.

दोष पंख्याचा नव्हता तर.

१७ फेब्रुवारी

धुळ्यास जाण्याविषयी कामिनीशी बोललो. घराचे काय करायचे ते पितांबरला विचारीन म्हणालो. ती आनंदली.

१८ फेब्रुवारी

जे घडले ते क्रमाने लिहितो.

दिवेलागणीच्या सुमारास अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. भिंतीपलीकडे कोणी पाट सरकवला. मग सुनंदाबाईंचा आवाज आला, अगदी भिंतीला लागून.

"रोहिणी, आज डिंपलनी भाकर जाळी टाकी. काय सांगू तुले!"

डिंपल ही त्यांची सून. मला प्रथम वाटले, त्यांना म्हातारपणी भ्रम झाला असावा. तसे नव्हते. रोहिणी आणि त्या, दोघींचे माहेर दोंडाईचाकडचे. याच वेळी भिंतीच्या दोन अंगांना बसून दोघी अहिराणीत बोलत असत. मी आत बातम्या ऐकत असे आणि दार लोटून घेत असे. रोहिणी गेल्यावरही त्यांनी बसणे सोडलेले नाही. पंख्याच्या आवाजाखाली त्या रोज बोलत होत्या.

वाक्य संपल्यावर त्या थांबल्या. समोरच्या माणसाला उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळ थांबल्या. आणि त्या थांबण्यात, कोणताही प्रयत्न न करता, मला स्पष्ट ऐकू आले –

"जाऊ दे वं, शिकी जाई."

रोहिणी! किंचित घोगरा, शेवटी वर जाणारा, हसू दाबलेला आवाज. तोच!

मी तो प्रमाण मराठीत शोधत होतो. माझ्याशी ती माझ्या भाषेत बोलत असे, जपून, शब्द निवडून. तिचा स्वतःचा आवाज त्या भिंतीशी होता.

सुनंदाबाई पुढेही बोलत राहिल्या – वांगी, गुडघे, चुलत जावेचे टोमणे. प्रत्येक विरामात रोहिणी होती. अंगावर काटा आला तो त्या उठून गेल्या तरी ओसरला नाही.

१९ फेब्रुवारी

आज खुर्ची भिंतीलगत नेली. सुनंदाबाई आल्या, बोलू लागल्या. मला खोकला आला. त्या गप्प झाल्या. मग हळूच –

"भाऊ? जेवनात का?"

"नही अक्का. आजून नही."

ती बोली माझ्या तोंडून कधीही निघालेली नव्हती.

पलीकडे श्वास ऐकू आला.

"आसंच बोले ती," त्या म्हणाल्या.