दुसरं लाइफ जॅकेट

बाबा, आज सकाळी एक मासा, तोंडात काहीही टोचलेलं नसताना, आपणहून माझ्या बोटीपर्यंत आला आणि तिथे माझं सगळं बदललं. बदललं म्हणतोय खरं, पण तलावावरून उठून मी ठरवल्याप्रमाणे सरळ इथेच आलो. मला कळायला वेळ लागतो, हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. लिहावंसं कितीदा वाटलं, पण सांगण्यासारखं चांगलं काही नसायचं. आजही नाही. मी त्सुकुबात एका मुलीच्या खोलीत बसलोय. ती कामावरून साडेसहाला येते. मी आत आहे हे तिला माहीत नाही. बूट मी दारात ठेवले नाहीत, हातात घेऊन आत आणलेत. दार उघडल्या उघडल्या तिला ते दिसू नयेत म्हणून. पडदे ओढलेले आहेत. तिचा फ्रीज मधूनच गुरगुरतो, मग गप्प होतो, आणि तो गप्प झाला की मला माझाच श्वास मोठा वाटायला लागतो.

ती आपल्यातलीच आहे. तिचे वडील मुंबईच्या एका बँकेकडून इथे जपानला आले आणि राहिले. मराठी बोलते, पण चिडली की जपानीत शिरते. कॉलेजात दोन वर्षं आम्ही बरोबर होतो. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, मला जरा एकटीला राहू दे. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "बघ, हेच. मी वाक्य पूर्ण करायच्या आत तू तारीख मागतोस." मग एके दुपारी कॅन्टीनमध्ये ती दुसऱ्या कुणाबरोबर जेवताना दिसली आणि मी माझा जेवणाचा ट्रे भिंतीवर भिरकावला. ऑफिसात बोलावलं तेव्हा त्यांनी समज देण्याआधीच मी कॉलेज सोडायचा फॉर्म मागितला आणि उभ्या उभ्या भरला. आईला वाटतं मी अजून शिकतोय. मी चोवीस तास उघड्या असणाऱ्या एका कोनबिनी दुकानात काम करतो, लोकांचे डबे गरम करून देतो, आणि सुटलो की हिच्या बिल्डिंगसमोर येऊन उभा राहतो. रोज. नुसता. महिन्यापूर्वी तिने मेसेज केला, "किल्ली दाराच्या फटीतून टाक. मी असताना येऊ नकोस. मी नसतानाही येऊ नकोस." एवढं स्वच्छ मराठी तिने मला आधी कधी लिहिलं नव्हतं. किल्ली मी टाकली नाही. आज बेत असा आहे की ती आत येऊन दिवा लावेल तेव्हा मी समोर बसलेला असेन, आणि मग तिला उत्तर द्यावंच लागेल.

तुमचा गळांचा डबा माझ्या खिशात आहे. ओजिमाच्या घरी, स्वयंपाकघरात, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून तुम्ही दर शुक्रवारी जेवणाआधी कानस घेऊन बसायचात. आई पोळ्या लाटायची आणि तुम्ही एकेका गळाचं टोक घासून बोथट करायचात. ऑफिसच्या साहेबांनी एकदा तुम्हाला तलावावर नेलं आणि तुम्हाला वेड लागलं, पण या तलावाचा नियम कडक. बास हा बाहेरून आणून सोडलेला मासा, इथल्या माशांना खातो, म्हणून एकदा पकडला की परत पाण्यात सोडायचा नाही, काठावरच्या झाकणाच्या डब्यात टाकायचा. नियम मोडणं तुमच्यात नव्हतं आणि जीव घेणंही नव्हतं. मग तुम्ही टोकच काढून टाकलंत. मासा रबरी किडा तोंडात धरायचा, दोरीला हिसका बसायचा, तुम्ही हसायचात, तो सोडून जायचा. पकडलाच नाही तर नियम कुठला? बोटी भाड्याने देणारे आजोबा तुम्हाला पापा-सान म्हणायचे आणि सगळ्यांना सांगायचे, "पापा-सान माशांशी हात मिळवायला येतात." बाकीचे लोक हसायचे. तुम्हीही. मी बारा वर्षांचा होतो आणि मला तुमची लाज वाटायची.

जूनच्या सुरुवातीला काठाजवळच्या उथळ पाण्यात तुम्ही मला नर दाखवलात. अंडी घालून झाली की मादी खोल पाण्यात निघून जाते, थकलेली, कशालाच तोंड लावत नाही. नर मागे राहतो. पिल्लांचा काळा ढग आणि त्याच्याखाली तो, गोल गोल. "याच्यासमोर किडासुद्धा टाकायचा नाही," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, मग पिल्लं मोठी होऊन निघून गेली की? "तरी दोन-चार दिवस तिथेच फिरतो. काम संपलं हे त्याला कुणी सांगत नाही."

त्याच दिवशी तुम्ही जेवणाचे डबे धुवायला नळावर गेलात आणि मी त्या नरासमोर गळ टाकला. टोकाचा गळ. तो आला तेव्हा केवढा जड होता. तुम्ही धावत आलात तोवर तो काठावर पडला होता आणि पाण्यात चपट्या माशांची टोळी त्या काळ्या ढगात शिरली होती. पाच मिनिटं लागली नसतील. पाणी नितळ झालं. आजोबांनी मासा डब्यात टाकून झाकण लावलं. आतून तो धडका देत राहिला, आणि तुम्ही शेवटच्या बसपर्यंत त्या डब्याशेजारी बसून राहिलात. मी म्हटलं, तुमच्या गळांच्या डब्यात चुकून टोकाचा एखादा राहिला असेल. तुम्ही म्हणालात, "असेल. माझंच लक्ष नसेल." एवढंच. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तोयोसुच्या ऑफिसात तुम्ही टेबलावर डोकं टेकलंत ते उचललंच नाहीत.

आज सकाळी नऊ वर्षांनी तिथे गेलो. का गेलो, माहीत नाही. संध्याकाळपर्यंतचा वेळ कुठेतरी काढायचा होता. धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. आजोबा आता पार वाकलेत. त्यांनी मला ओळखलं आणि दोन लाइफ जॅकेट पुढे केली. मी म्हटलं, एकटाच आहे. ते म्हणाले, "पापा-सान केव्हाचे जाऊन बसलेत." मी धक्क्याकडे पाहिलं. बोट रिकामी होती. म्हाताऱ्या माणसाशी काय वाद घालायचा म्हणून दुसरं जॅकेट घेतलं आणि पुढच्या बाकावर फेकलं. बंद उघडे, जसं पडलं तसं. बरंच पुढे जाऊन मी वल्ही आत घेतली आणि समोर बघितलं, तर ते जॅकेट बाकावर उभं होतं. बंद लावलेले, आणि पट्ट्याचं टोक दोनदा आत खोचलेलं. दोनदा कोण खोचतं, बाबा? मी तुमच्याशिवाय कुणाला खोचताना पाहिलेलं नाही. आजोबांनी आधीच खोचून दिलं असेल, मला फेकताना नीट दिसलं नसेल. असं मी मनाशी म्हणत राहिलो आणि वल्ही उचलायचं धाडस मात्र होईना.

बोट वाहत त्याच उथळ जागी आली. तिथे एक नर होता. पिल्लं नव्हती, एकही नाही, खाली नुसती स्वच्छ वाळू आणि तो, गोल गोल. मला त्याचा एवढा राग आला. तुमचा बोथट गळ लावून मी किडा बरोबर त्याच्या तोंडासमोर सोडला. त्याने धरला. मी ओढलं, तो सोडेल म्हणून थांबलो. सोडेना. दोरी सैल सोडली, तरी नाही. तोंड घट्ट मिटून तो दोरीबरोबर येत राहिला, बोटीला चिकटेपर्यंत आला, आणि अर्धा पाण्याबाहेर येऊन एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला. त्याला काहीच अडकलेलं नव्हतं. तोच सोडत नव्हता. तेवढ्यात बोट पुढच्या बाजूने जराशी कलली, कुणीतरी बघायला वाकावं तशी. मी दोरी कापली. मग त्याने तोंड उघडलं, किडा टाकून दिला आणि खोल पाण्यात निघून गेला. वाळूकडे परत गेला नाही.

धक्क्यावर आजोबांनी जॅकेट दोरीवर टाकली. माझं कोरडं होतं. दुसरं आतून ओलं होतं. "आज पापा-सान काही बोलले नाहीत," ते म्हणाले. "रागावलेत का?" मी म्हटलं, माहीत नाही.

आत्ता गावाच्या भोंग्यावर रोज वाजतं ते पाचचं गाणं वाजून गेलं. टेबलावर तिचा कप आहे, तळाशी चहाचं वर्तुळ सुकलेलं. तिने दिवा लावल्यावर मी कसा दिसेन, हे मी इतका वेळ डोळ्यासमोर आणत होतो. आता पहिल्यांदा तिच्या जागेवरून पाहिलं, तर बंद खोलीत बूट जवळ घेऊन बसलेला एक माणूस दिसला. हे कागद मी इथे ठेवणार नाही आणि कुठे टाकणारही नाही, तुमच्या डब्यात घडी करून राहतील. आईला आज फोन करेन. तुम्हाला सांगायचं ते एवढंच, बाबा, तो गळ तुमच्या डब्यातला नव्हता. मी त्याच्या आदल्या शनिवारी तलावाजवळच्या दुकानातून घेतला होता आणि आठवडाभर कंपासपेटीत लपवून ठेवला होता. तुमचं लक्ष होतं.

हे शेवटचं बाहेर येऊन लिहितोय. पडदे उघडले. दारातल्या खालच्या पायरीवर बसून बूट घातले. बाहेर आलो, दार ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली फटीतून आत टाकली. ती पडल्याचा आवाज आला.